घर घेताना एरियाचं नाव विकत घेताय की नळाचं पाणी?



आपण इथे नेहमी धंद्याच्या हिशोबावर बोलतो. मार्जिन, उधारी, खेळतं भांडवल. आज विषय घराचा आहे. पण शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल की हा विषयही धंद्याचाच आहे. छोट्या व्यावसायिकाचं सगळ्यात जास्त भांडवल दुकानात अडकत नाही, घरात अडकतं. आणि त्यातला बराच भाग एरियाच्या नावात अडकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

झालं असं, की मागच्या बॅचनंतर एक विद्यार्थी थांबला. शिवण्याला त्याची फॅब्रिकेशनची शेड आहे. ग्रिल, शटर, पत्र्याचे शेड अशी कामं. सहा कामगार. मेहनती माणूस आहे, वेळेवर जीएसटी भरतो, उधारीची वही व्यवस्थित ठेवतो.

"सर, पाच मिनिटं आहेत का? घर बघतोय."

त्याने मोबाईलवर दोन कोटेशन दाखवली. दोन्ही टू बीएचके, आकार जवळजवळ सारखा. एक कोथरूडला, १ कोटी १५ लाख. दुसरं बावधनला, ९५ लाख. म्हणाला, "आमच्या सौ. कोथरूडच म्हणतात. मला बावधन परवडतंय. सर, तुम्हीच सांगा, कोणता एरिया चांगला?"

मी म्हटलं, "दादा, आधी मला तीन गोष्टी सांग. बावधनच्या कागदावर मौजे काय लिहिलंय? तिथे पाणी नळाने येतं की टँकरने? आणि हप्ता भरून शेडसाठी महिन्याला किती उरणार?"

त्याच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. वर्षभर घर शोधतोय, पन्नास साईट बघितल्या, सँपल फ्लॅटमध्ये चहा प्यायला, पण हे तीन प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. त्याला हसू नका. मीही एके काळी विचारले नव्हते आणि त्याची किंमत मोजली आहे. ती गोष्ट आधी सांगतो.

माझी चूक

२०१२ ची गोष्ट. तेव्हा माझं ट्रेनिंग सेंटर भाड्याच्या एका खोलीत होतं आणि मला बाणेरला घर घ्यायचं होतं. बाणेरच का? कारण व्हिजिटिंग कार्डावर बाणेर छापायचं होतं, दुसरं काही नाही. बाणेरचे भाव परवडेनात, तेवढ्यात एक स्कीम दिसली. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात बाणेर, खाली बारीक अक्षरात 'जवळ'. बाणेरपेक्षा आठ लाख स्वस्त. मी खूश.

साठेखत झालं त्या दिवशी कागद नीट वाचला. मौजे सूस, तालुका मुळशी. म्हणजे हायवेच्या पलीकडे, महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत. बिल्डरचा माणूस म्हणाला, "साहेब, दोन वर्षांत कॉर्पोरेशनमध्ये येणार सगळं." मीही मान डोलावली. सूस महापालिकेत आलं ३० जून २०२१ ला. तोपर्यंत मी ते घर विकून मोकळा झालो होतो.

मधल्या वर्षांत काय झालं? आमची ८० फ्लॅटची सोसायटी. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी निकष दिवसाला १३५ लिटर आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, ८० घरांना साधारण ४३ हजार लिटर. बोअर जानेवारीनंतर आटायची. मग दहा हजार लिटरचे चार-पाच टँकर रोज. आठशे रुपयांचा एक टँकर धरला तरी घरामागे महिन्याला पंधराशे रुपये. रविवारी सकाळी लोक नाश्ता करतात, आम्ही टँकरवाल्याशी भांडायचो.

पण पैशांचा खरा फटका वेगळाच बसला. २०१६ मध्ये मला सेंटर वाढवायचं होतं. सदाशिव पेठेत एक हॉल मिळत होता. मी फ्लॅट तारण ठेवून बँकेत ओव्हरड्राफ्ट मागायला गेलो. माझ्या डोक्यात बाणेरचा भाव. बँकेचा व्हॅल्युअर आला, त्याने दस्त बघितला, सर्व्हे नंबर बघितला, आणि सूसचा भाव लावला. ब्रोशर त्याने हातातसुद्धा घेतलं नाही. लिमिट मला हवं होतं त्याच्या निम्म्याच्या आसपास आलं. हॉल दुसऱ्याने घेतला. तो हॉल घेतलेला माणूस आज तिथे तीन बॅच चालवतो. मी त्याच्यासमोरून जातो तेव्हा अजूनही पोटात कालवतं.

दोष सूसचा नाही, हे नीट लक्षात घ्या. तिथे आनंदाने राहणारे लोक आहेत. चूक माझी, की मी सूसचं घर बाणेर समजून घेतलं.

सीमा दोन प्रकारच्या असतात

या अनुभवानंतर मी एक गोष्ट शिकलो आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे. कोणत्याही दोन एरियांच्या मधली सीमा दोनपैकी एका प्रकारची असते.

पहिली, नावाची सीमा. इकडचं नाव भारी, तिकडचं साधं. बाकी पाणी तेच, रस्ता तोच, महापालिका तीच, पाच मिनिटांचं अंतर.

दुसरी, सोयीची सीमा. ही ओलांडली की पाण्याचा स्रोत बदलतो, कारभार बघणारी संस्था बदलते, रस्ता कोणी करायचा याची जबाबदारी बदलते, बँकेचं मूल्यांकन बदलतं.

गंमत अशी की नावाची सीमा सगळ्यांना दिसते आणि सोयीची सीमा कोणालाच दिसत नाही. नावाच्या सीमेसाठी आपण वीस-वीस लाख मोजतो. सोयीची सीमा मात्र 'पाच-सात लाख स्वस्त पडतंय' म्हणून डोळे मिटून ओलांडतो. मी म्हणतो, नेमकं उलटं करा. नावाची सीमा बिनधास्त ओलांडा आणि पैसे वाचवा. सोयीची सीमा ओलांडताना दहा वेळा विचार करा.

पुण्यातलीच उदाहरणं बघू.

कोथरूड आणि कर्वेनगर. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आश्रम हलवला तेच हिंगणे. डहाणूकर कॉलनीतून चालत निघालात तर कोथरूड कुठे संपलं आणि कर्वेनगर कुठे सुरू झालं हे रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. दोन्ही जुन्या महापालिका हद्दीतले भाग, दोन्हीकडे खडकवासल्याचंच पाणी. पण जाहिरातीत 'कोथरूड' लिहिलं की भाव चढतो. ही नावाची सीमा.

आता बावधन. इथे फसगत जास्त होते, कारण एकाच नावाची दोन गावं आहेत. बावधन खुर्द १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महापालिकेत आलं. बावधन बुद्रुक, मुळशी तालुक्यातलं, आलं थेट २०२१ मध्ये, सूस आणि म्हाळुंग्यासोबत. म्हणजे नावाने 'मोठं' असलेलं गाव धाकट्याच्या चोवीस वर्षं नंतर शहरात आलं. दोघांचा पिनकोडही ४११०२१, पाषाण-सूससारखाच. पिनकोड ही पोस्टाची सोय आहे, त्यावरून हद्द ठरत नाही. बोर्डावर फक्त 'बावधन' असतं. खुर्द की बुद्रुक, हे कागदातच सापडतं. ही सोयीची सीमा, आणि ती एकाच नावाच्या मधून जाते.

तिसरं उदाहरण मुळा नदीचं. औंधमधून पूल ओलांडला की सांगवी किंवा पिंपळे निलख. भाव उतरतो, घर मोठं मिळतं, आणि खरं सांगायचं तर पिंपरी-चिंचवडचे कितीतरी रस्ते पुण्यापेक्षा रुंद आहेत. पण नदी ओलांडली की महापालिका बदलते आणि धरणही बदलतं. इकडे खडकवासला साखळी, तिकडे मुख्य आधार पवना. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. तिकडचे लोक साठवणीच्या टाक्या बांधून व्यवस्थित राहतात, त्यात काही भयंकर नाही. पण हे घर घ्यायच्या आधी माहीत पाहिजे, ताबा मिळाल्यावर नको.

आणि दोन महापालिकांच्या मधल्या सीमेचं एक खास दुखणं असतं. बालेवाडी आणि वाकडला जोडणारा, कस्पटे वस्तीजवळचा पूल आठवा. पूल बांधून झाला, पण बालेवाडीच्या बाजूने जोडरस्त्याची जागा मिळेना म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. 'पूल झाला की दहा मिनिटांत बाणेर' या एका वाक्यावर किती फ्लॅट विकले गेले असतील, विचार करा.

"पण सर, गाव तर आता कॉर्पोरेशनमध्ये आलं!"

हा प्रश्न मला हमखास येतो. २०१७ मध्ये अकरा गावं आली, २०२१ मध्ये तेवीस आली. म्हणजे आता सगळं सारखंच ना?

मित्रांनो, नकाशावरची रेघ एका अधिसूचनेने सरकते. जमिनीखालची पाण्याची लाईन सरकायला वर्षं लागतात. जलवाहिनी टाकायची, उंचावर टाकी बांधायची, टाकीसाठी जागा मिळवायची, मग वितरणाचं जाळं. समाविष्ट गावांतल्या कितीतरी सोसायट्या अजून टँकरवरच आहेत. वर तेवीस गावं आली तेव्हा ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला. मग सरपंच गेलेला आणि नगरसेवकही नाही. तक्रार घेऊन जायचं कोणाकडे, असा काळ तिथल्या लोकांनी काढला आहे.

जानेवारी २०२५ आठवतोय? पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले. किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, खडकवासला या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात त्यातले बरेच होते. सगळ्यात आधी बोट पाण्याकडे गेलं. ही सगळी २०२१ ला आत आलेली गावं. शेजारी धरण दिसतंय, कागदावर महापालिका आहे, आणि घरातल्या पाण्याची खात्री नाही. 'पाणी कुठून येतं?' हा प्रश्न मी फक्त पैशांसाठी विचारायला सांगत नाही, ते यामुळे. घरात लहान मूल असेल तर हा प्रश्न पहिला.

शिवाय रेघ उलटीही सरकते. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि नंतर बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. ज्याने 'कॉर्पोरेशन हद्दीत' म्हणून फ्लॅट घेतला, तो फ्लॅट न हलवता हद्दीबाहेर गेला.

आता हिशोब करू

चला, वही काढा. आपल्या फॅब्रिकेशनवाल्या मित्राचा हिशोब मी बोर्डवर जसा केला तसाच इथे देतो.

एक सोपं सूत्र लक्षात ठेवा. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर एक लाख कर्जाचा हप्ता साधारण ८७० रुपये येतो. म्हणजे कोणत्याही घरामुळे वाढणारा दरमहाचा खर्च ८७० ने भागा. जितका आकडा येईल तितके लाख त्या घराच्या किमतीत मनातल्या मनात मिळवा. व्याजदर बदलला तर आकडा थोडा बदलेल, पद्धत तीच.

त्याचं बावधनचं घर मी कागद मागवून बघितलं. निघालं बुद्रुक. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर. आता जादा खर्च मांडू:

टँकर, घरामागे दरमहा १,५०० रुपये.
मुलीची शाळा कोथरूडला, व्हॅनचे जादा २,००० रुपये.
संध्याकाळी मुलीला आजीकडून आणणं आणि इतर फेऱ्या, पेट्रोल २,५०० रुपये.

एकूण ६,०००. भागिले ८७०. म्हणजे जवळपास ७ लाख. त्याचं ९५ लाखांचं घर खऱ्या अर्थाने १ कोटी २ लाखांचं झालं. यात त्याचा रोजचा वेळ धरलेलाच नाही, आणि धंदेवाल्याचा वेळ फुकट नसतो.

आता कोथरूडचं घर. दोन्ही घरांतला फरक २० लाखांचा. त्याचा हप्ता महिन्याला साधारण १७,३५० रुपये. वीस वर्षांत तेवढ्या फरकाचेच सुमारे ४१ लाख ६५ हजार रुपये बँकेत जातात. आणि ऐका, अकरा टक्क्यांनी पाच वर्षांचं ८ लाखांचं मशिनरी लोन घेतलं तर त्याचा हप्ताही साधारण एवढाच येतो. हा माणूस पावडर कोटिंग बाहेरून करून घेतो. दर कामात त्याचा माल चार दिवस दुसऱ्याच्या शेडमध्ये अडकतो. त्याला स्वतःचा छोटा कोटिंगचा सेटअप हवाय, तीन वर्षांपासून. मग मी विचारलं, "दादा, तो सेटअप का होत नाही?" तो गप्प. आणि आता तो दर महिन्याला तेवढेच पैसे एरियाच्या नावावर घालायला निघाला होता.

पण वहिनींचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय नको, असं मी म्हटलं. दुसऱ्या रविवारी दोघंही आले. मला वाटलं होतं वहिनींना 'कोथरूड' हे नाव हवंय. मी चुकलो होतो. त्या म्हणाल्या, "सर, मला नावाचं काही नाही. माझी आई डहाणूकरला राहते. मी सहापर्यंत कामावर. मुलगी शाळेतून आईकडे जाते. चालत जाता येईल असं घर हवंय, एवढंच. यांना मी कोथरूड म्हटलं, कारण आई कोथरूडला आहे."

बघा! त्यांना नाव नको होतं, चालत जाण्याइतकं अंतर हवं होतं. ही सोय आहे, आणि तिला पैसे मोजणं शंभर टक्के योग्य आहे. घरातली माणसं एरियाचं नाव घेतात तेव्हा त्या नावामागे त्यांना नक्की काय हवंय, ते विचारा. आपण गिऱ्हाइकाला विचारतो तसंच. गिऱ्हाईक 'भारीतलं ग्रिल द्या' म्हणतं तेव्हा त्याला चोराची भीती असते की शेजाऱ्याला दाखवायचं असतं, हे विचारल्याशिवाय आपण कोटेशन देतो का?

मग आम्ही तिसरा पर्याय बघितला. कर्वेनगर, जुनी इमारत, पण कागद स्वच्छ, भोगवटा प्रमाणपत्र आहे, पाणी नळाला. १ कोटी ३ लाख. आजीचं घर पंधरा मिनिटं चालत. शिवण्याची शेड वारज्यातून सरळ. बावधन बुद्रुकच्या 'खऱ्या' किमतीइतकंच, आणि कोथरूडपेक्षा १२ लाख कमी. हे बारा लाख म्हणजे निव्वळ नाव.

नावाला काहीच किंमत नाही का?

आहे. उगाच टोकाचं बोलणार नाही. नावामुळे घर लवकर विकलं जातं, भाडेकरू लवकर मिळतो. काही व्यवसायांत पत्ता बघितला जातो. तुम्ही इंटिरिअर डिझायनर असाल, घरातूनच क्लायंटला भेटत असाल, तर प्रभात रोड किंवा मॉडेल कॉलनीचा पत्ता तुमच्यासाठी मार्केटिंगचा खर्च आहे. तो खर्च म्हणून वहीत लिहा आणि त्यातून किती कामं आली ते वर्षाअखेर तपासा. पण शटर बनवणाऱ्याचं, मसाले दळणाऱ्याचं, टिफिन पुरवणाऱ्याचं गिऱ्हाईक त्याच्या घराचा पत्ता विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोक म्हणतात, "ज्यांनी बाणेर-बालेवाडीत सुरुवातीला घेतलं, त्यांनाही लोक हसत होते. आज बघा!" खरं आहे. बाणेर, बालेवाडी, खराडी, वारजे ही १९९७ ला आत आलेली गावं. ज्यांनी तेव्हा घेतलं आणि धरून ठेवलं, त्यांचं सोनं झालं. पण त्यांनी पंधरा-वीस वर्षं वाट बघितली आणि मधली गैरसोय सोसली. खराडी-वडगाव शेरीकडे भामा आसखेडचं पाणी सुरू व्हायला २०२१ उजाडलं. ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो, त्याला ही वाट बघता येते. आपलं तसं नाही. आपल्याला कधी अचानक माल उचलायचा असतो, कधी मोठी ऑर्डर येते आणि लिमिट वाढवायचं असतं. घर हे आपलं तारण आहे. ते आज किती मोलाचं आहे यावर आपला धंदा चालतो. वीस वर्षांनी किती होईल यावर बँक आज लिमिट देत नाही.

म्हणून माझं मत असं: पहिलं, राहतं घर सोयीच्या सीमेच्या आत घ्या, नावाच्या सीमेच्या बाहेर घ्या. पुढच्या वाढीवर पैज लावायचीच असेल तर ती दुसऱ्या प्रॉपर्टीवर लावा, धंदा स्थिर झाल्यावर.

टोकन देण्याआधी ही पाच कामं करा

१. मौजे आणि सर्व्हे नंबर बघा. नवीन स्कीम असेल तर महारेराच्या वेबसाईटवर गाव आणि सर्व्हे नंबर दिलेला असतो. रीसेल असेल तर मालकाकडून सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू मागा. ब्रोशरवरचं नाव आणि मौजे वेगळं निघालं तर घर वाईट असं नाही, पण भाव मौजेचा द्या, ब्रोशरचा नको. त्या सर्व्हे नंबरचा रेडी रेकनर दरही बघून ठेवा.

२. पाण्याची चौकशी वॉचमनकडे करा. सेल्स ऑफिसमध्ये 'कॉर्पोरेशन वॉटर' असंच सांगणार. वॉचमनला विचारा, "मे महिन्यात रोज किती टँकर येतात?" सोसायटी असेल तर सेक्रेटरींना एप्रिल-मेचा मेंटेनन्सचा हिशोब मागा. नवीन स्कीमच्या करारात महापालिकेचं पाणी येईपर्यंत टँकरचा खर्च कोण करणार, हे कलम शोधा. ताब्यानंतर तो खर्च बहुतेक वेळा रहिवाशांच्याच गळ्यात येतो.

३. झोन दाखला काढा. रस्ता विकास आराखड्यात आहे की बिल्डरच्या तोंडात, हे कळेल. टेकडीच्या पायथ्याशी स्वस्त प्लॉट मिळतोय म्हणून उडी मारू नका. बाणेर-पाषाण-बावधन-वारज्याच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. आणि गुंठेवारीचं घर असेल तर ते नियमित झालेलं आहे का, त्याचा कागद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. बऱ्याच बँका अशा घराला दारातूनच परत पाठवतात.

४. बँकेला आधी विचारा. बुकिंगच्या आधी दोन बँकांत जा आणि सरळ विचारा, "उद्या हेच घर तारण ठेवून धंद्यासाठी लिमिट मागितलं तर किती द्याल?" माझा सदाशिव पेठेतला हॉल या एका प्रश्नाने वाचला असता.

५. कामाच्या दिवशी, सकाळी नऊला, स्वतः गाडी चालवून बघा. साईट व्हिजिट रविवारी दुपारी असते, कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो. चांदणी चौकात नवीन पूल ऑगस्ट २०२३ मध्ये झाला म्हणून सगळा रस्ता सुटला असं धरू नका. तुमच्या घरापासून तुमच्या शेडपर्यंत, तुमच्या वेळेला किती मिनिटं लागतात, तोच आकडा खरा. जमलं तर त्या भागात तीन महिने भाड्याने राहून बघा. भाडं फुकट गेलं असं वाटेल, पण एक कोटीच्या खरेदीआधी तेवढी सँपल ऑर्डर परवडते.

तुम्ही नाशिकला असा, कोल्हापूरला असा, ठाण्यात असा, ही पद्धत तिथेही लागू होते. गावांची नावं बदलतील. हद्दवाढ सगळीकडे चालू आहे, आणि ब्रोशर सगळीकडे सारखंच छापतात.

आपल्या मित्राने अजून टोकन दिलेलं नाही. कर्वेनगरच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि त्याच्या आईचे गुडघे दुखतात. तिसरा मजला आहे. त्यामुळे घरात पुन्हा चर्चा सुरू आहे, आणि ती व्हायलाच पाहिजे. दुसऱ्या इमारतीत पहिल्या मजल्यावर काही मिळतंय का ते बघतायत. पण आता दोघंही 'कोथरूड की बावधन' असं भांडत नाहीत. पाणी, आजीचं घर, आईचे गुडघे, शेड आणि कोटिंगचा सेटअप, अशा पाच ओळी वहीत लिहून एकेका घरासमोर खूण करतायत. मला एवढंच पाहिजे होतं.

तुम्हीही आज एक काम करा. राहत्या घराचा इंडेक्स टू कपाटातून काढा आणि मौजे काय लिहिलंय ते बघा. बोर्डावरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं निघालं तर व्हिडिओखाली कमेंटमध्ये नक्की लिहा. बघू, आपल्यातले किती जण 'जवळ' राहतात!

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा.